'स्की' म्हणजे फोडलेले लाकूड

हिवाळी क्रीडास्पर्धांच्या बातम्यांमुळे 'स्कीइंग' हा शब्द मराठी वाचकांच्या परिचयाचा झाला आहे. बर्फाच्छादित उतारावरून वेगाने घसरत जाण्याचा खेळ, असाच त्याचा अर्थ सर्वसाधारणपणे घेतला जातो. मूळ शब्दात मात्र ना बर्फ आहे, ना वेग, ना खेळ. त्यात आहे ते केवळ लाकूड.

'स्की' हा शब्द इंग्रजीने नॉर्वेजियन भाषेतून उचलला. नॉर्वेत त्याचा उच्चार 'शी' असा होतो. मराठीत रूढ झाला तो इंग्रजी उच्चार. प्राचीन नॉर्स भाषेतील 'स्कीद' हे त्याचे जुने रूप असून फोडलेल्या लाकडाचा तुकडा हा त्याचा अर्थ आहे. फोडलेल्या लाकडी पट्ट्यांच्या कुंपणाला नॉर्वेत आजही याच शब्दापासून बनलेले नाव आहे. भाषाशास्त्रज्ञ या शब्दाचे मूळ 'कापणे, फोडणे' या अर्थाच्या प्राचीन इंडो-युरोपीय धातूत शोधतात. संस्कृतमधील 'छिद्' धातू त्याच कुळातील मानला जातो. म्हणजेच मराठीतील 'छेद' आणि 'विच्छेद' हे 'स्की'चे दूरचे नातलग ठरतात.

नाव लाकडाचे असले, तरी त्यामागे निकड होती ती चालण्याची. मऊ बर्फात पाय रुततो. लांब फळीमुळे शरीराचा भार विभागला जातो आणि माणूस पृष्ठभागावरून सरकू शकतो. शिकार आणि प्रवास यांसाठी उत्तरेकडील लोक हजारो वर्षांपासून स्की वापरत आले आहेत.

या साधनाला खेळाचे रूप मिळाले ते प्रामुख्याने एकोणिसाव्या शतकात. नॉर्वेच्या टेलेमार्क भागातील सोंद्रे नोरहाइम (१८२५-१८९७) यांनी पिळलेल्या लवचिक काड्यांनी टाचही बांधण्याची पद्धत रूढ केली. त्यामुळे उडी मारणे व वळणे सुलभ झाले. 'स्लालम' हा शब्दही नॉर्वेचाच. 'स्ला' म्हणजे उतार आणि 'लोम' म्हणजे बर्फातील माग. पुढे फ्रित्यॉफ नान्सेन यांनी १८८८ मध्ये स्कीवरून ग्रीनलँड ओलांडले आणि या साधनाची कीर्ती युरोपभर पसरली. १९२४ मध्ये फ्रान्समधील शामोनी येथे झालेल्या पहिल्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये स्कीच्या स्पर्धा होत्या. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये काश्मीरचा आरिफ खान स्लालम प्रकारात भारतातर्फे उतरला होता.

नॉर्वेतील दिगेरवार्दन पर्वतावर २०१४ मध्ये एक आणि २०२१ मध्ये तिची जोडीदार अशा सुमारे १३०० वर्षांपूर्वीच्या दोन स्की सापडल्या. त्या वापराने झिजलेल्या होत्या आणि दुरुस्तीच्या खुणाही त्यांवर होत्या. शतकानुशतके त्या बर्फाखाली सुरक्षित राहिल्या होत्या. वाढत्या तापमानामुळे ते बर्फ वितळू लागले, म्हणूनच त्या उजेडात आल्या. स्कीचा इतिहास आज जे वितळणे उघड करीत आहे, त्याच वितळण्याची चिंता जगभरच्या स्कीच्या उतारांना ग्रासून आहे.