रंगपेटीतलं रान : भाग ७
ऑक्टोबरात रोहित कुठून आणायचा?

गेल्या आठवड्यात पोस्टरवरच्या वाघाबद्दल बोललो. आज नवी मुंबईतल्या पावण्याला येऊ. पूर्वेला डोंगर, त्याच्या पायथ्याशी एमआयडीसीचे कारखाने, मधून ठाणे-बेलापूर रस्ता आणि पश्चिमेला कोपरखैरणे ओलांडलं की ठाण्याची खाडी. या खाडीचा सुमारे १७ चौरस किलोमीटरचा पट्टा २०१५ साली रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये ठाण्याची खाडी पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. त्यामुळे चित्रकला स्पर्धेत इथलं मूल रोहित काढणार, हे ओघानंच आलं.

रोहित म्हटलं की गुलाबी खडू. पण रोहिताचं पिल्लू जन्मतः राखाडी असतं. रंग चढतो तो खाण्यातून. चिखल-पाण्यातली सूक्ष्म शेवाळं चोचीतून गाळून पोटात जातात, त्यांच्यातली रंगद्रव्यं पिसांत उतरतात आणि पक्षी पुरता गुलाबी व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. म्हणून खाडीतल्या थव्यात मळकट राखी पक्षीही दिसतात. आता पाय. त्याचा गुडघा उलटा वाकतो असं वाटतं, पण तो असतो घोटा. गुडघा वर पिसांत दडलेला. ‘लहान रोहित’ या जातीची चोच गडद लाल, ‘मोठा रोहित’ या जातीची गुलाबी आणि टोकाला काळी. हे सारं वाचून लक्षात राहत नाही. ओहोटीला ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रापाशी वही घेऊन बसलेल्या मुलाला मात्र पाय कुठे वाकवायचा हे ठरवावंच लागतं, आणि ठरवण्यासाठी पुन्हा मान वर करून बघावं लागतं. निसर्गचित्राचं सगळं मोल मला या दुसऱ्यांदा बघण्यात दिसतं.

आणि इथेच आपल्या स्पर्धांची अडचण आहे. त्या होतात वन्यजीव सप्ताहात, म्हणजे २ ते ८ ऑक्टोबरला. रोहितांचे मोठे थवे खाडीत उतरतात साधारण नोव्हेंबर-डिसेंबरनंतर आणि पावसाळ्याच्या तोंडावर निघून जातात. म्हणजे ऐन स्पर्धेच्या दिवसांत समोर पक्षीच नाही. मूल मोबाइलवरचं चित्र उतरवणार, दुसरं काय करणार? खाली ‘पक्षी वाचवा’ लिहिलं की बक्षीसही मिळतं. मुलांचा यात काही दोष नाही, विषय देणाऱ्या मोठ्यांनी तारीख आणि खाडी यांची सांगड घातलेली नाही.

ऑक्टोबरात काढण्यासारखं खाडीत भरपूर आहे. निवटी घ्या. आगरी-कोळी घरांत तिचं कालवण होतं, त्यामुळे ताटातली निवटी अनेकांना ठाऊक असते. जिवंत निवटी डोक्यावर उठून आलेले डोळे घेऊन, पुढच्या परांवर रेटत चिखलातून चालते. मासा असून पाण्याबाहेर वावरते, अंग ओलं आहे तोवर कातडीतूनही श्वास घेते. शेजारीच एकच नांगी अवाढव्य असलेला नर खेकडा आणि तिवराची चिखलातून वर आलेली श्वासमुळं. निवटीचं चित्र काढणाऱ्या मुलाला चिखल रंगवावा लागतो, आणि चिखल रंगवताना त्यात अडकलेली प्लास्टिकची पिशवी, कारखान्यांकडून आलेल्या नाल्याचं पाणीही दिसतं. घोषणा न लिहिता ते कागदावर येतं.

परीक्षकांना माझी विनंती आहे : यंदा एक बक्षीस प्रत्यक्ष बघून काढलेल्या चित्राला ठेवा, आणि कागदाच्या पाठीमागे जागा, वेळ आणि भरती की ओहोटी, एवढं मुलाकडून लिहून घ्या. तिवराच्या मुळांचं रेखाटन कसं सुरू करायचं, ते पुढच्या भागात.