दोनशे साठ ग्रॅम

गेल्या चैत्रात आमच्या आईने सकाळचे खाणे सोडले. दुपारी बाराला पहिला घास, रात्री आठला शेवटचा. बाकीचे सोळा तास पाण्यावर. शेजारच्या काकूंचे म्हणे असे करून सहा किलो वजन उतरले होते. आई दहा वाजेपर्यंत कपाळ धरून बसे, पण हट्ट सोडीना. "अगं, प्रयोगानं सिद्ध झालंय ते," असे तिने मला सुनावले.

'प्रयोग' हा शब्द ऐकला की आम्ही कला शाखेची मंडळी मुकाट्याने मान डोलावतो. परंतु मानसशास्त्राच्या पेपरापुरते संख्याशास्त्र मी शिकले होते. तेवढ्या शिदोरीवर शोध घ्यायचे ठरवले.

नेमका हाच प्रयोग अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी केला व २०२० साली तो प्रसिद्ध झाला. वजन जास्त असलेल्या ११६ व्यक्तींचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट पाडले. एकाने बारा ते आठ याच वेळेत खायचे, दुसऱ्याने नेहमीसारखी तीन जेवणे घ्यायची. किती खायचे याचे बंधन कोणालाच नव्हते. बारा आठवड्यांनी पहिल्या गटाचे वजन सरासरी ०.९४ किलोने उतरले, आणि ही घट निव्वळ योगायोगाची म्हणता येण्यासारखी नव्हती. येथेच थांबलो तर आईचा विजय!

पण दुसऱ्या गटाचेही ०.६८ किलो उतरले होते. आपले वजन कोणी टिपून ठेवते आहे म्हटल्यावर माणूस दोन घास कमीच खात असावा. राहिला फरक दोनशे साठ ग्रॅमचा, आणि तेवढा योगायोगानेही पडू शकतो.

यावर कोणी म्हणेल, पहिल्या गटाची घट कसोटीला उतरली, दुसऱ्याची थोडक्यात हुकली. मग पहिली पद्धत श्रेष्ठ नव्हे काय? मित्रहो, ३५ गुणांचा विद्यार्थी उत्तीर्ण आणि ३४ चा अनुत्तीर्ण, म्हणून दोघांच्या बुद्धीत जमीन-अस्मानाचे अंतर मानायचे का? तुलना करायची ती दोन गटांची एकमेकांशी. अर्थात पद्धत कुचकामी आहे असेही यातून सिद्ध होत नाही. लाभ असलाच तर तीन महिन्यांत सरासरी फार तर सव्वा किलोचा असावा, इतकेच हे आकडे सांगतात.

मग काकूंचे सहा किलो? स्टॅनफर्ड विद्यापीठाने २०१८ साली ६०९ जणांवरील वर्षभराचा प्रयोग प्रसिद्ध केला. कमी स्निग्धाच्या आहाराने सरासरी ५.३ किलो उतरले, कमी पिष्टाच्या आहाराने ६ किलो. म्हणजे जवळजवळ बरोबरीच. पण दोन्ही गटांत कोणाचे वीस किलोहून अधिक उतरले, तर कोणाचे चक्क वाढले. काकू प्रत्येक गटात असतात. ज्यांचे वजन वाढले ते मात्र जिन्यात थांबून सांगत नाहीत.

हे सारे मी आईला कागदावर मांडून दाखवले. तिने चष्मा लावून आकडे पुन्हा पुन्हा पाहिले.

"म्हणजे सकाळी पोहे खाल्ले तरी चालतील?"

"चालतील. पण बशीभरच."

"काकूंना यातलं काही बोलू नकोस हं," एवढे बजावून ती कांदा चिरायला उठली.