बाटली आपली, वाईन त्यांची

व्हेनिसच्या सान मार्को चौकातल्या नामांकित कॅफेत वाईनचे पैसे वेगळे आणि वाजवणाऱ्या वाद्यवृंदाचा आकार वेगळा. वाईन वाईट नसते, पण बिल असतं चौकाचं. स्वस्त आणि चांगली हवी असेल, तर कान्नारेजोसारख्या राहत्या वस्तीत जावं आणि पिशवीत रिकामी प्लास्टिकची बाटली टाकून निघालेल्या एखाद्या आजीबाईंच्या मागे चालू लागावं.

त्या पोचतात ‘वीनो स्फूझो’च्या, म्हणजे सुट्या वाईनच्या दुकानात. घाण्यावर किटली घेऊन तेलाला जावं, तसा मामला. भिंतीलगत स्टीलच्या टाक्या, नाहीतर 54 लिटरचे काचेचे पोटाळ बुधले. पाटीवर द्राक्षाचं नाव आणि लिटरचा भाव, साधारण तीन-चार युरो. बूच नाही, लेबल नाही, बाटली तर आपलीच. द्राक्षमळे पलीकडे व्हेनेतोच्या सपाटीवर. महाग व्हायला कारणच उरत नाही.

दुकानदार नळी बाटलीच्या तळाशी नेतो, फेस होऊ देत नाही आणि पार गळ्यापर्यंत भरतो. आत हवा जितकी कमी, तितकी वाईन टिकते. तरी दोन-तीन दिवसांत संपवायचीच. सुट्टीवर आलेल्या माणसाला ही अट फारशी जड जात नाही.

घेण्याआधी घोटभर चव मागावी. व्हिनेगरसारखा वास आला, तर टाकी अर्धी रिकामी होऊन बरेच दिवस झाले असं समजावं. म्हणून मी गर्दीचंच दुकान धरते. तिथे माल पडून राहत नाही.

प्रोसेक्को मात्र मागू नये. 2009 पासून ते नाव ठरावीक प्रदेशाचं, त्याच नावाच्या द्राक्षाला आता ग्लेरा म्हणतात, आणि नळावरच्या वाईनला प्रोसेक्को म्हणून विकता येत नाही. ‘बियांको फ्रिझांते’ म्हटलं की हलकी फसफसणारी पांढरी मिळते. माझी पसंती पियावे नदीकाठच्या राबोझोला. नुसती प्यायली तर दात आंबतात, जीभ कोरडी पडते. सोबत चरबीदार सलामी घेतली की तोच आंबटपणा कामी येतो. हे झेपणार नसेल त्यांनी मेर्लो घ्यावी, कुणी हसत नाही.

आणि बाटली पाण्याचीच न्यावी. कोल्ड्रिंकची कितीही विसळली तरी वास जात नाही, आणि दुकानदार आधी तीच हुंगतो.