वाफ्याला खत किती? नातवंडांना विचारा!

सुक्कोत झाला, पहिला पाऊस शिंपडून गेला, की आपल्या मंडळींचे हात मातीकडे वळतात. मेथी, कोथिंबीर, मुळा पेरायचा हाच हंगाम. मिश्तलामध्ये कॉम्पोस्ट घ्यायला गेलो की दुकानदार विचारतो, "किती पिशव्या?" आपण म्हणतो, "द्या दहा." हा दहाचा आकडा येतो कुठून, देव जाणे!

हिशोब सोपा आहे आणि तो नातवंडांकडूनच करून घ्यावा. मुलांनो, एवढेच ध्यानात ठेवा: एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर एक सेंटीमीटर जाडीचा थर द्यायला बरोबर १० लिटर खत लागते. म्हणजे साधारण एक बादली. आता टेप घ्या आणि आजोबांचा वाफा मोजा. समजा तो ४ मीटर लांब, दीड मीटर रुंद आहे. ४ गुणिले दीड म्हणजे ६ चौरस मीटर. थर ३ सेंटीमीटर हवा, तर ६ × ३ × १० = १८० लिटर. पिशवी २५ लिटरची असेल तर सात पिशव्या पुरत नाहीत, आठ घ्याव्या लागतात. आठवीतले उरेल ते कुंड्यांना.

लिंबाभोवतीचे आळे गोल असते. तिथे मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर मोजा, त्याला त्यानेच गुणा आणि मग ३.१४ ने गुणा. अंतर १ मीटर असेल तर ३.१४ चौरस मीटर. २ सेंटीमीटर थराला सहा बादल्या आणि वर थोडे. खोडाला मात्र खत टेकू देऊ नये, वीतभर जागा मोकळी ठेवावी.

आता थर किती जाड, हा खरा प्रश्न. नव्या वाफ्याला ३ ते ५ सेंटीमीटर, आणि ते वरच्या वीतभर मातीत नीट मिसळायचे. दरवर्षी लागवड होणाऱ्या वाफ्याला १ ते २ सेंटीमीटर पुष्कळ झाले. "एवढंच?" असे आपले म्हातारे लगेच विचारतील. नवगाव, रेवदंडा, पेणकडे शेणखताची पाटीच्या पाटी ओतायची, तेल्याच्या घरी पेंडही असायची, आणि कोणाचे काही बिघडत नव्हते. अहो, पण तिथे वर्षाला २००० मिलिमीटरच्या वर पाऊस! खतातले क्षार तो धुऊन नेत असे. बेरशेबाला पाऊस जेमतेम २०० मिलिमीटर, दिमोनाला त्याहून कमी. इथे क्षार जातील कुठे? ठिबकचे पाणी उन्हाने उडून जाते आणि मीठ मातीतच राहते. मातीवर पांढरी साय धरली, पानांच्या कडा करपल्या, की समजावे. बीट बिचारे सोसते, घेवडा मुळीच सोसत नाही. कोंबडीचे खत तर फारच तेज, ते निम्म्याहूनही कमी घालावे. आणि चुलीच्या राखेची सवय इथे सोडावी. कोकणातल्या आंबट लाल मातीला ती मानवते, नेगेवची माती मुळातच चुनखडीची.

घरच्या खड्ड्यात खत करणाऱ्यांनी धरून चालावे की ढीग कुजून निम्म्याहूनही कमी होतो. तयार खताला पावसाळी मातीचा वास येतो. आंबूस किंवा अमोनियाचा वास आला तर आणखी महिनाभर थांबा, नाहीतर कोवळी मेथी पिवळी पडेल.

एक सूचना आजी-आजोबांसाठी. २५ लिटरची पिशवी बारा-पंधरा किलोची भरते, ओली असली तर जास्तच. आठ पिशव्या म्हणजे शंभर किलोच्या वर. दुकानातून घरपोच मागवा, आणि वाफ्यापर्यंत बादलीनेच न्या, तीही अर्धी भरून. मुलांनी बादल्या मोजाव्यात.