आब्लास, पार्ल आणि बोलतोस!

फ्रेंच-स्पॅनिशच्या क्रियापदांचे तक्ते घोकून कंटाळलात? मग एकदा मराठीकडे बघा. अर्धा अभ्यास तुमचा आधीच झालाय.

सकाळच्या पनवेल लोकलमध्ये, नेरुळ ते वाशीच्या दरम्यान, कुणाच्या तरी मांडीवर ती वही हमखास दिसते. डावीकडे सर्वनामं, उजवीकडे क्रियापदाची सहा रूपं आणि ओठांवर पुटपुट. आज फ्रेंचची टेस्ट असणार!

तुमच्यापैकी अनेकांनी अकरावीला फ्रेंच घेतलं ते 'स्कोअरिंग' म्हणून. मीही त्यातलीच. मार्क छान मिळाले, रेझ्युमेवर 'फ्रेंच' असं ठसठशीत लिहिलं आणि ऐरोलीतल्या एका ऑफिसात मुलाखतीला गेले. समोरच्या मॅडमनी फ्रेंचमध्ये एवढंच विचारलं, की तुम्ही घरी कोणती भाषा बोलता? त्यातलं 'वू पार्ले' ऐकू आलं आणि डोळ्यांसमोर बिस्किटाचा पुडा उभा राहिला. तक्ता अख्खा पाठ होता. पण 'मी मराठी बोलते' हे तीन शब्दांचं वाक्य काही तोंडातून निघेना. मॅडम हसून इंग्रजीवर आल्या. ती नोकरी अर्थातच मिळाली नाही.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. मी फ्रेंच इंग्रजीतून शिकत होते. इंग्रजीत 'स्पीक'चं फार तर 'स्पीक्स' होतं. म्हणजे क्रियापद माणसागणिक बदलतं ही गोष्टच तिथे जवळपास नाही. आपल्याकडे मात्र ती श्वासासारखी आहे. 'बोल' हा धातू घ्या आणि प्रत्यय लावा. बोलतो, बोलतोस, बोलता, बोलतात. हे तुम्हाला कुणी तक्ता देऊन शिकवलं होतं का?

धातू तोच, शेपूट वेगळं

नियमित क्रियापदाची युक्ती तिन्ही भाषांत एकच आहे. 'बोलणे'मधला 'णे' काढा, 'बोल' उरतो. स्पॅनिशमध्ये 'आब्लार' म्हणजे बोलणे. त्यातला 'आर' काढा आणि शेपटं लावा: आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. फ्रेंचमध्ये 'पार्ले' म्हणजे बोलणे. त्याची रूपं: ज पार्ल, त्यु पार्ल, इल पार्ल, नू पार्लों, वू पार्ले, इल पार्ल.

आता गंमत बघा. स्पॅनिशची सहाही रूपं कानाला वेगळी लागतात. म्हणून स्पॅनिश माणूस 'मी', 'तू' बहुतेक वेळा गाळूनच टाकतो. नुसतं 'आब्लो' म्हटलं तरी 'मी बोलतो' कळतं. फ्रेंचमध्ये मात्र चार रूपांचा उच्चार एकच, 'पार्ल'. लिहिताना शेवटी वेगवेगळी अक्षरं येतात, पण ती मुकी. म्हणून तिथे सर्वनाम गाळून चालत नाही.

आणि मराठी? ती दोन्हीकडे आहे! वर्तमानकाळात मी बोलतो, तो बोलतो, आम्ही बोलतो, तिन्हीकडे तेच रूप. म्हणजे फ्रेंचसारखं, 'कोण' ते सांगावं लागतं. भविष्यकाळात मात्र बोलेन, बोलशील, बोलेल, बोलू, बोलाल, बोलतील. सहा माणसं, सहा रूपं, अगदी स्पॅनिशसारखं. म्हणूनच आपण फोनवर नुसतं 'येईन गं' म्हणतो आणि आईला सगळं कळतं.

तुर्भ्यानंतर फाटा

स्पॅनिशमध्ये क्रियापदांचे तीन गट आहेत: आर, एर आणि इर. तीन तक्ते बघून घाबरू नका. ठाण्याहून सुटणारी वाशी लोकल आणि पनवेल लोकल आठवा. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भ्यापर्यंत दोघी एकाच मार्गावर. तिथून पुढे एक सानपाड्याला वळते, दुसरी जुईनगरला. 'कोमेर' (खाणे) आणि 'बीबीर' (राहणे, जगणे) यांचंही तसंच. कोमो-बीबो, कोमेस-बीबेस, कोमे-बीबे, कोमेन-बीबेन, इथपर्यंत शेपटं तीच. फाटा फुटतो तो फक्त 'आम्ही' आणि 'तुम्ही'पाशी: कोमेमोस पण बीबीमोस, कोमेइस पण बीबीस. त्यातही लॅटिन अमेरिकेत हे 'तुम्ही'चं वेगळं रूप रोजच्या बोलण्यात वापरतच नाहीत. म्हणजे तिसऱ्या तक्त्यात नवीन असं फारसं काही उरतच नाही.

गटांचं हे प्रकरण मराठीलाही नवीन नाही. जुन्या व्याकरणात 'मी बसेन, तो बसेल' पण 'मी करीन, तो करील' असा भेद आहे. साधारणपणे अकर्मक धातूंना 'ए', सकर्मकांना 'ई'. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण 1836 मध्ये आलं, मोरो केशव दामल्यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' 1911 मध्ये. आज आपण सर्रास 'करेन' म्हणतो. म्हणजे आपल्या तोंडी दोन गटांचा एक होत चाललाय.

'स' कुठून आला?

'तू'साठी स्पॅनिशमध्ये 'आब्लास', मराठीत 'बोलतोस'. शेवटी 'स'. फ्रेंचमध्येही तो लिहितात, फक्त उच्चारत नाहीत. हा योगायोग नाही. संस्कृतात 'वदसि' होतं, लॅटिनमध्येही 'तू'च्या रूपाला 'स' लागायचा. 1786 मध्ये कोलकात्यात विल्यम जोन्स यांनी एशियाटिक सोसायटीपुढे सांगितलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या धातूंमध्ये आणि व्याकरणाच्या रूपांमध्ये इतकं साम्य आहे, की त्यांचा उगम एकच असावा. म्हणजे तुम्ही परक्या भाषेचा तक्ता पाठ करत नाही आहात. लांबच्या चुलत भावंडांची ओळख करून घेताय.

मानाचंही तसंच. फ्रेंच 'वू' हे आपलं 'तुम्ही' आहे. माणूस एकच असला तरी आदर म्हणून अनेकवचन. इंग्रजीच्या एकट्या 'यू'वरून आलेल्यांना हे समजायला वेळ लागतो. तुम्ही तर रोज सरांशी एक बोलता आणि मित्राशी दुसरं. स्पॅनिश 'उस्तेद'ला मात्र तृतीय पुरुषाचं रूप लागतं: 'उस्तेद आब्ला'. साहेबांना समोरासमोर 'साहेब काय घेणार?' विचारतो ना, तसंच काहीसं.

उलट एक ओझं इथे उतरतं. मराठीत मुलगा 'बोलतो', मुलगी 'बोलते'. फ्रेंच-स्पॅनिशच्या वर्तमानकाळात हा फरकच नाही. फ्रेंच शिकणाऱ्या मुलींनी मात्र निर्धास्त होऊ नये. भूतकाळात 'तो गेला, ती गेली' हा भेद लिहिताना परत येतो!

रोजची दहा मिनिटं

• तक्ता उभा वाचू नका. एक माणूस पकडा. आज फक्त 'मी'. पाच क्रियापदं, पाच खरी वाक्यं: मी वाशीत राहते, मी मराठी बोलते.

• फ्रेंच कानाने शिका, मग लिहा. मुकी अक्षरं आधी डोळ्यांनी पाहिली की तोंड अडतं.

• फ्रेंचमध्ये आधी 'ए'ने संपणारा पहिला गट पक्का करा. बहुतांश क्रियापदं त्यातच येतात. नवी क्रियापदंही तिथेच दाखल होतात, 'गूगल करणे'सुद्धा.

• मैत्रिणीला प्रश्न विचारा, तिने उत्तर द्यायचं. 'तू'मधून 'मी'त जाणं हाच खरा सराव. मुलाखतीत मी नेमकी तिथेच अडकले होते.

फ्रेंचची डेल्फ असो की स्पॅनिशची डेले, पहिल्या पातळीपासून बोलण्याची परीक्षा असतेच. तिथे तक्ता कुणी विचारत नाही. समोरचा तुमच्याबद्दल विचारतो.

आणि हो, 'माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, इंग्रजी कच्चं, मला कुठलं फ्रेंच जमणार' असं वाटत असेल तर ते आजच डोक्यातून काढा. क्रियापद चालवण्याच्या बाबतीत तुम्ही मागे नाही, चार पावलं पुढे आहात. उद्या लोकलमध्ये वही उघडाल तेव्हा डावीकडच्या 'ज' आणि 'त्यु'शेजारी पेन्सिलने मी, तू, तो लिहा. आणि पहिलं वाक्य मोठ्याने म्हणा: ज पार्ल मराठी.