‘महावितरणकडून आलोय’ म्हणणाऱ्याला काय विचाराल?

जालन्यात छतावर सोलर बसवायचं नुसतं बोलून दाखवलं, तरी कुणीतरी दारात हजर होतो. पहिलंच वाक्य, “आम्ही महावितरणकडून आलोय.” इथंच फसगत सुरू होते. महावितरण घरगुती पॅनेल विकतही नाही, बसवूनही देत नाही. अर्ज पाहणं, बसवलेलं काम तपासणं आणि नेट मीटर लावणं, एवढंच त्यांच्याकडे. बसवणारा खासगी एजन्सीवाला असतो आणि तो आपणच निवडायचा. शेतातल्या सौर कृषी पंपाची योजना निराळी. तिचे कागद इथं चालत नाहीत.

“पोर्टलच्या यादीत आमचं नाव आहे” हे मात्र खरं असू शकतं, आणि ते तपासावंच. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत नोंदणीकृत एजन्सीकडून काम करून घेतलं तरच अनुदान मिळतं. पण यादीत नाव असलं म्हणजे हात चांगला, असं नव्हे. त्याला म्हणावं, दोन पावसाळे झालेलं एखादं काम दाखव, बदनापूरला असो की परतूरला. गच्चीवर स्वतः चढावं. सांगाड्याचे सांधे गंजलेत का? स्लॅबला भोकं पाडून बोल्ट ठोकलेत, की काँक्रीटचे ठोकळे ओतलेत? भोकं नीट बुजवली नसतील तर पहिल्याच पावसात छत गळतं. अर्थिंग तीन हवीत: डीसीचं, एसीचं आणि वीजरोधकाचं वेगळं. खर्च वाचवायला एकावरच भागवणारे असतात, आणि आपल्याकडे अवकाळीत वीज कशी पडते ते सांगायला नको. मग घरमालकाला हळूच विचारावं, बंद पडल्यावर हा फोन उचलतो का? माझ्या मते कोटेशनमधल्या आकड्यापेक्षा हे उत्तर मोलाचं.

“सबसिडी वजा करून उरलेले द्या,” असं कुणी म्हणालं तर सावध व्हा. अनुदान ग्राहकाच्याच बँक खात्यात येतं, तेही यंत्रणा सुरू झाल्यावर: पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,०००. आणि वीजबिल अजून आजोबांच्या नावावर असेल (बऱ्याच वाड्यांत असतंच), तर आधी नाव बदलून घ्या.

स्वस्तातलं कोटेशन वाईटच असतं असं नाही. ते कशानं स्वस्त झालं ते बघायचं. अनुदानासाठी पॅनेल आणि आतले सेल दोन्ही भारतात बनलेले, म्हणजे डीसीआर, लागतात. बाहेरच्या सेलचं पॅनेल स्वस्त पडतं, अनुदान मात्र अडकतं. म्हणून पॅनेल कुठल्या कंपनीचं, किती वॅटचं, डीसीआर आहे का, इन्व्हर्टर कुठला, पाच वर्षांची देखभाल कशी, हे सगळं करारात लिहून घ्या. माल आला की पॅनेलमागचे सिरीयल नंबर बिलाशी ताडून पाहा.

“लाईट गेली तरी घर चालू राहील,” हेही ऐकाल. साध्या ऑनग्रिड यंत्रणेत लाईन गेली की इन्व्हर्टर मुद्दाम बंद पडतो, नाहीतर खांबावरच्या वायरमनला झटका बसेल. बॅटरी हवी तर हायब्रिड घ्यावं लागतं, खर्च वाढतो. बिल ‘शून्य’ही होत नाही, स्थिर आकार राहतोच. एक किलोवॅट दिवसाला साधारण ४ युनिट देतो, तेही सावली नसलेल्या शंभरेक चौरस फुटांत. पाण्याच्या टाकीची सावली आधी मोजा. पॅनेल फार तापलं की उलट थोडं कमीच देतं. एमआयडीसीजवळ राहत असाल तर धुळीचा हिशेब वेगळा, आणि बोअरच्या क्षारयुक्त पाण्यानं धुतलं तर काचेवर पांढरे डाग धरतात.

गच्चीवर कुरडया-पापड वाळवायचे असतील तर सांगाडा उंच हवा, हे आधीच सांगा. तो महाग पडतो, वाराही जास्त झेलतो, पण मागाहून उंच करणं परवडत नाही. पैसे टप्प्याटप्प्यानं द्या आणि शेवटचा हप्ता नेट मीटर बसेपर्यंत हाती ठेवा. मीटरसाठी मग एजन्सीवालाच महावितरणच्या कार्यालयात चकरा मारतो.