लहानपणीचे हाल, मोठेपणीची उदासी

ऊसतोडीच्या कोपीवर धाकट्यांना सांभाळणारी, शाळा सुटलेली पोर आपण पाहिलीय. चाळिशीत तिचा संसार बरा चालतो, तरी झोप लागत नाही, कशात मन लागत नाही. आपण म्हणतो, 'सगळं आहे, मग हिला झालंय काय?'

१९९८ साली अमेरिकेतल्या हजारो माणसांच्या पाहणीत दिसलं: लहानपणीचे हाल जितके जास्त, तितका मोठेपणी उदासीचा, म्हणजे डिप्रेशनचा, धोका जास्त. भीतीत वाढलेलं शरीर पुढंही धास्तावलेलं राहतं. प्रत्येकीला हा आजार होतोच असं नाही. झाला तर उपचार आहेत. ही बाहेरची बाधा नव्हे, आळसही नव्हे.

दोन आठवडे असंच राहिलं तर आशाताईंना सांगू या, किंवा टेलिमानसच्या १४४१६ या मोफत नंबरवर बोलू या. गटात एखादी गप्प असेल, तर तिच्याशेजारी बसू या.